अंजदीव : एका तळ्याची बखर



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांनी मला इतिहास शिकवला, एवढेच म्हणून मी थांबलो तर ते अपुरे होईल. त्यांनी मला एक प्रश्न दिला आणि तो मी आजवर पुरता सोडवू शकलेलो नाही. या व्यासपीठावर उभे राहण्याचा मान मिळाला तेव्हा विषय कोणता घ्यावा याचा मला फारसा विचार करावा लागला नाही. प्रश्न जुनाच होता. उत्तर द्यायला साठ वर्षांचा उशीर झाला आहे, एवढेच.

१९६६ च्या डिसेंबरात आमच्या नववीच्या वर्गाची सहल बेळगावहून यल्लापूरमार्गे कारवारला गेली होती. त्या काळी सीमाप्रश्न घराघरांत धगधगत होता. महाजन आयोग नुकताच नेमला गेला होता, आणि बेळगावबरोबर कारवार, सुपे, हल्याळ ही नावे आम्हा मुलांच्या तोंडी घोषणेसारखी असत. त्यामुळे कारवार पाहणे हे आमच्या दृष्टीने साधे समुद्रदर्शन नव्हते. आपल्या हक्काचा मुलूख पाहण्यास निघालो आहोत, अशा आविर्भावात आम्ही होतो. कारवारच्या दक्षिणेस अरगा नावाचे कोळी-शेतकऱ्यांचे गाव आहे. तेथील वाळूवर सरांनी आम्हांस बसवले आणि समोर समुद्रात पहुडलेल्या एका लांबट, बुटक्या, हिरव्या टेकाडाकडे बोट दाखवून विचारले, "हे बेट कोणाचं?"

पाच वर्षांपूर्वीच गोवा मुक्त झाला होता. कोणी म्हणाले पोर्तुगिजांचे, कोणी म्हणाले आता भारताचे. एका चतुराने 'गोव्याचे' म्हणून सांगितले, आणि तेच बरोबर होते. कारण कर्नाटकाच्या किनाऱ्यापासून जेमतेम दोन किलोमीटरवर असलेले हे बेट कारभाराच्या दृष्टीने आजही गोव्याच्या काणकोण तालुक्यात मोडते. सीमेचा प्रश्न केवळ जमिनीवरच असतो असे नाही, हे आम्हांला तेव्हा प्रथम कळले. सर मात्र हसले आणि म्हणाले, "मालकाचं नाव मी विचारलंच नाही रे. तिथं पाणी कोण भरतं, ते विचारतोय."

आम्हांला तो विनोद वाटला. पुढे इतिहासाचा अभ्यास करू लागलो, अंजदीवविषयी जे जे हाती येई ते वाचू लागलो, तेव्हा ध्यानात आले की या बेटाचा इतिहास विचारण्याचा याहून नेमका मार्ग नाही.

अंजदीव हे बेट म्हणून काही मोठे नव्हे. लांबी सुमारे दीड किलोमीटर, रुंदी पाव किलोमीटरच्या आसपास. समुद्राकडची बाजू खडकाळ, उघडी. किनाऱ्याकडची बाजू उताराची, झाडीची, आणि त्या बाजूस गलबतांना नांगर टाकण्यास आडोसा. कारवारच्या समुद्रात कूर्मगड, देवगड अशी आणखीही बेटे आहेत. 'अंजदीव' म्हणजे पाच बेटांपैकी एक, 'अंजु' म्हणजे पाच, अशी एक व्युत्पत्ती मलबारच्या खलाशांच्या भाषेवरून लावली जाते. दुसरी परंपरा सांगते की बेटावर आर्यादुर्गेचे, बोलीत अज्यादुर्गेचे, स्थान होते आणि तिच्यावरून बेटाचे नाव पडले. पहिल्या शतकातील ग्रीक नाविकाच्या 'पेरिप्लस' ग्रंथात या किनाऱ्यावर जी 'एगिदिओई' नावाची बेटे येतात, ती म्हणजे अंजदीवच, असे काही अभ्यासक मानतात. मला स्वतःला देवीची व्युत्पत्ती अधिक भावते, परंतु भावणे आणि सिद्ध होणे यांत अंतर असते, हेही सरांनीच शिकवले.

नाव काहीही असो, या बेटाचे महत्त्व एकाच गोष्टीत होते. तेथे गोड पाणी होते. खाऱ्या समुद्राच्या मध्यभागी, किनाऱ्यावरच्या राजाच्या परवानगीवाचून, जहाजाची पिंपे भरून घेता येतील असे चिरेबंदी तळे होते. महिनोन्महिने समुद्रावर काढणाऱ्या माणसाला याचे मोल काय, हे घरोघरी नळ असलेल्या आपल्याला समजणे कठीण आहे.

या तळ्याचा बहुधा पहिला लेखी साक्षीदार म्हणजे इब्न बतूता. दिल्लीच्या सुलतानाचा वकील म्हणून चीनकडे निघालेला हा मोरोक्कोचा प्रवासी १३४२ च्या सुमारास संदापूर, म्हणजे गोवा, ओलांडून पुढे एका लहान बेटाशी थांबला. त्या बेटावर देऊळ होते, बाग होती आणि पाण्याचे तळे होते. हे बेट अंजदीवच असावे, असे बहुतेक विद्वानांचे मत आहे. देवळाच्या भिंतीला टेकून एक जोगी बसला होता. तो बोलेना. त्याने आरोळी दिली आणि एक नारळ खाली पडला; तो त्याने पाहुण्यांना दिला. इब्न बतूताच्या हातात जपमाळ होती. जोग्याने ती घेतली, हुंगली, चुंबली, आणि एकदा आकाशाकडे व एकदा मक्केच्या दिशेकडे बोट दाखवले. हा गुप्तपणे मुसलमान असावा, असा पाहुण्याने निष्कर्ष काढला. जोग्याच्या मनात काय होते ते जोगी जाणे! परका प्रवासी आपल्याला हवे ते पाहतो, याचे या बेटावरील हे पहिले उदाहरण. दुसरे दीडशे वर्षांनी घडले.

कालिकतच्या सामुरीशी बिनसल्यावर वास्को द गामाची गलबते किनाऱ्याकिनाऱ्याने वर सरकत २० सप्टेंबर १४९८ रोजी अंजदीवला आली आणि ५ ऑक्टोबरपर्यंत तेथे राहिली. या मुक्कामाचे वर्णन ताफ्यातल्याच एका माणसाने लिहून ठेवले आहे. गामाच्या समस्त भारतप्रवासात निवांतपणाचे असे दिवस थोडेच असतील. बेर्रिओ आणि साव गाब्रिएल ही दोन जहाजे वाळूवर ओढून, कलती करून, त्यांचे तळ खरवडून दुरुस्त करण्यात आले. किनाऱ्यावरचे लोक होड्यांतून कोंबड्या, भोपळे, दूध घेऊन येत. रानात दालचिनीसारखी साल सापडली. आणि पाणी! घडीव दगडांचे तळे त्यांना मिळाले.

त्या तळ्याजवळच दगडी इमारतीचे अवशेष होते. सगळे पडलेले, गवताने शाकारलेली एक लहान खोली तेवढी उभी, आणि आत तीन काळे पाषाण. गावकरी त्यांची पूजा करीत. पोर्तुगीज पाहुण्यांनी हे पडलेले ख्रिस्ती देवालय असल्याचे लिहून ठेवले. कालिकतला त्यांनी देवळालाच चर्च समजून हात जोडले होते. इथेही तीच भूल. जे मुसलमान नाहीत ते ख्रिस्तीच असले पाहिजेत, अशी समजूत घेऊन ते आले होते. परंतु त्यांच्या या अज्ञानामुळेच आपल्याला एक मौल्यवान नोंद लाभली: पोर्तुगीज या बेटावर सत्ताधीश म्हणून येण्यापूर्वीच तेथील देऊळ पडलेले होते, पूजा मात्र चालू होती. म्हणजे कोणीतरी किनाऱ्यावरून होडी वल्हवत येत होते, तळ्यातून पाणी काढून त्या तीन पाषाणांवर घालीत होते. सरांच्या प्रश्नाचे पहिले उत्तर मला येथे सापडले.

याच मुक्कामात एक चाळिशीचा गृहस्थ बेटावर आला. अस्खलित व्हेनिसची भाषा बोलणारा, कमरेला तलवार, अंगावर तलम वस्त्रे. त्याने कप्तानांना मिठ्या मारल्या, आपण मूळचे पश्चिमेकडचे ख्रिस्ती असल्याचे सांगितले. गामाच्या भावाने स्थानिक लोकांकडे चौकशी केली तेव्हा हा हेर असल्याचा संशय आला. फटके बसल्यावर त्याने कबूल केले की तो गोव्याच्या अधिपतीच्या चाकरीत आहे आणि ताफ्याची पाहणी करण्यास आला आहे. तो जन्माने यहुदी होता. गामाने त्याला पोर्तुगालला नेले, तेथे त्याचा बाप्तिस्मा होऊन तो गास्पार द गामा झाला, आणि पुढे काब्राल, खुद्द गामा आणि अल्मेइदा यांच्या मोहिमांत दुभाषा म्हणून पुन्हा याच समुद्रावर फिरला. एका लहानशा बेटावरच्या फटक्यांनी एका माणसाचे नाव, धर्म आणि धनी तिन्ही बदलले. यावर कोणी कादंबरी कशी लिहिली नाही याचे मला नवल वाटते. असो.

गामाने अंजदीव सोडले ते पंधरा-वीस दिवस नव्हे तर चांगले महिना-दीड महिना आधी. ईशान्येचे वारे अजून स्थिरावले नव्हते. परिणाम असा झाला की आफ्रिकेचा किनारा गाठण्यास त्याला जवळजवळ तीन महिने लागले. हिरड्या सुजून, कुजून त्याची तीस माणसे वाटेत मेली. उरलेल्यांत प्रत्येक जहाजावर सात-आठ जणच काम करण्याजोगे होते. माणसे पुरेनात म्हणून साव राफाएल हे जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाळून टाकावे लागले. अंजदीवच्या गोड पाण्यावर जगलेली माणसे अंजदीव सोडण्याची वेळ चुकल्यामुळे गेली. ही बाब लक्षात ठेवावी, कारण या बेटाचा पुढचा इतिहास मोसमी वाऱ्यांच्या वेळापत्रकावाचून उलगडत नाही.

पोर्तुगिजांना हे बेट इतके पसंत पडले की त्यांचा पहिला व्हाइसरॉय फ्रांसिस्को द अल्मेइदा सप्टेंबर १५०५ मध्ये आल्याबरोबर त्याने येथे किल्ला बांधण्यास घेतला. शिबंदी ऐंशीच्या आसपास. गोव्याकडून आदिलशाही आरमार चालून आले. त्याच्या नेतृत्वात एक धर्मांतर केलेला पोर्तुगीजच होता. हल्ला परतवला गेला, तरी दोन वर्षांच्या आत पोर्तुगिजांनी आपला किल्ला आपल्याच हातांनी पाडून टाकला. पावसाळ्याचे चार महिने समुद्र बंद असता कोचीहून मदत पोचणार नाही, हे त्यांच्या ध्यानात आले होते. १५१० च्या ऑगस्टात, मांडवीच्या मुखात पावसाळाभर अडकून, उपासमारीने गांजलेला आल्बुकेर्क बाहेर पडला तो थेट अंजदीवच्या आडोशास आला आणि नव्या कुमकेशी त्याची गाठ तेथेच पडली. नोव्हेंबरात त्याने गोवा पुन्हा घेतला. गोव्यासारखे बंदर हाती आल्यावर अंजदीवची गरज सरली, आणि पुढची दीडशे वर्षे ते जवळजवळ विस्मरणात गेले.

या विस्मरणातून बेट बाहेर आले ते एका लग्नामुळे. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन यांच्या विवाहाच्या तहात, १६६१ साली, मुंबई बेट इंग्रजांना मिळाले, हे प्रत्येक शालेय पुस्तकात असते. मुंबई मिळाल्यापासून ती प्रत्यक्ष हाती येईपर्यंत काय घडले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. मार्लबरोच्या उमरावाच्या हुकमतीखाली पाच जहाजे सप्टेंबर १६६२ मध्ये मुंबईस पोचली. त्यांवर सर अब्राहम शिपमन आणि चारशेहून अधिक शिपाई होते. पोर्तुगीज व्हाइसरॉय आंतोनियु द मेलु द काश्त्रु याने कागदपत्रांतील त्रुटी पुढे करून ताबा देण्यास नकार दिला. गोऱ्या शिपायांना सुरतेस उतरवावे तर मोगल सुभेदार संतापेल आणि व्यापार बुडेल, म्हणून ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारीनेही हात झटकले. मार्लबरो जहाजे घेऊन मायदेशी परतला. राजाचे सैन्य मागे राहिले, त्याला जमीन नव्हती. अखेर एक ओसाड बेट आठवले, ज्यावर कोणीच हक्क सांगत नव्हते. शिपमनचे लोक अंजदीववर उतरले.

ते दोन पावसाळे तेथे राहिले. गामाने पाहिलेले अंजदीव ऑक्टोबरचे होते: स्वच्छ ऊन, भरलेले तळे, होड्यांतून येणारे कोंबड्या-भोपळे. या शिपायांनी पाहिले ते जून-जुलैचे. किनाऱ्याशी संबंध तुटलेला, डोक्यावर धड छप्पर नाही, सतत ओल, ताप आणि हगवण. समकालीन पत्रे त्यांच्या व्यसनांनाही दोष देतात. देवोत बापडे! त्या परिस्थितीत दारू न पिणारा शिपाई किती दिवस जगला असता, हे पत्र लिहिणाऱ्यांनी स्वतः तेथे राहून पाहावयास हवे होते. १६६४ साली स्वतः शिपमन मरण पावला. त्याचा चिटणीस हम्फ्री कुक याने पोर्तुगिजांच्या मानहानिकारक अटी मान्य केल्या, आणि १८ फेब्रुवारी १६६५ रोजी त्याने मुंबईचा ताबा घेतला, तेव्हा त्याच्याबरोबर शंभराच्या आसपास माणसे उरली होती. बाकीची तीनशेच्या वर माणसे अंजदीवच्या मातीत राहिली. १६६८ मध्ये राजाने वर्षाला दहा पौंड भाड्याने मुंबई कंपनीस देऊन टाकली. जगलेल्या शिपायांतूनच कंपनीचे मुंबईतील पहिले युरोपियन पथक उभे राहिले. मुंबईच्या ब्रिटिश अमलाच्या कथेतले पहिले स्मशान मुंबईत नाही, कारवारसमोर आहे.

येथे मला एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. ज्या १६६४ सालात शिपमनचे लोक अंजदीववर मरत होते, त्याच सालच्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांनी मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. सिंधुदुर्ग पाहिलेल्यांना दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या विहिरी आठवत असतील. बेट निवडताना महाराजांनी पाणी पाहिले, खडक पाहिला, आणि पावसाळ्यात माणसे राहतील कोठे याचीही तजवीज केली. पोर्तुगीज आणि इंग्रज बेटाकडे नांगर टाकण्याची जागा म्हणून पाहत; मराठ्यांनी त्याकडे राहण्याची जागा म्हणून पाहिले. हा फरक मला आरमाराच्या तोफांच्या संख्येपेक्षा मोठा वाटतो.

म्हणूनच संभाजी महाराजांची नजर अंजदीवकडे वळली यात आश्चर्य नाही. कारवार-अंकोल्याचा मुलूख मराठ्यांच्या पायाखाली आलेला होता. समोरचे बेट तटबंदी करून घेतले तर गोव्याच्या दक्षिण दारावर चौकी बसणार होती. १६८२ मध्ये मराठे तेथे किल्ला उभारणार अशी वार्ता गोव्यास लागताच व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने घाईघाईने माणसे धाडून बेट ताब्यात घेतले आणि स्वतःच किल्ला बांधण्यास सुरुवात केली. गोव्याच्या दप्तरखान्यात आयुष्य घालवलेल्या पांडुरंग पिसुर्लेंकरांच्या परिश्रमांमुळे पोर्तुगीज-मराठे संबंधांच्या या काळाची कागदपत्रे आपल्याला मिळाली, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. मराठ्यांच्या धास्तीने बांधलेला तो किल्लाच बेटाच्या पुढील पावणेतीनशे वर्षांचा पाया ठरला. जे काम १५०५ च्या शिबंदीला जमले नव्हते, ते आता जमले, कारण मधल्या काळात गोवा जवळ आला होता.

किल्ल्यात चर्च झाले. त्याचे नाव 'नोस्सा सिन्योरा दश ब्रोताश'. जुन्या इंग्रजी गॅझेटियरात या नावाचा अर्थ 'झऱ्यांची माता' असा दिला आहे. आणि देवी? आर्यादुर्गा अंकोल्यास गेली. पोर्तुगिजांच्या भयाने भक्तांनी मूर्ती हलवली, अशी परंपरा आहे. अंकोल्याच्या तिच्या देवळात आजही गोव्याकडची अनेक घराणी कुलदेवतेच्या दर्शनास येतात. एक देवी पाणी सोडून गेली, दुसरी त्याच पाण्याच्या नावाने आली. या दोन्ही गोष्टी मी शेजारी शेजारी मांडतो. त्यांतून कोणाला दोष द्यावा असा माझा हेतू नाही. साडेतीनशे वर्षे ज्यांनी त्या मातेची नवसफेड केली, त्यांचे नातेही खरेच होते.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांची हकीकत थोडक्यात सांगता येईल. शिबंदी होती, काही कुटुंबे होती, नारळाची झाडे होती. गोव्यातून हद्दपार केलेले गुन्हेगार येथे आणून ठेवीत. टिपूच्या काळात कानडा किनाऱ्यावरून पळालेल्या ख्रिस्ती आणि हिंदू कुटुंबांनी येथे आश्रय घेतल्याची नोंद आहे. समोरचा कारवार १८६२ साली मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला, मोठे बंदर होईल म्हणून आशा निर्माण झाली आणि विरून गेली. बेट मात्र पोर्तुगीजच राहिले. २ फेब्रुवारीस ब्रोताश मातेचा आणि ४ ऑक्टोबरास संत फ्रान्सिसचा उत्सव भरे, तेव्हा काणकोण-कारवारकडून होड्याच होड्या येत. माझ्या लहानपणी कारवारचे एक वृद्ध नातेवाईक त्या उत्सवाच्या खाज्याच्या आठवणी सांगत. ते स्वतः सोवळेओवळे पाळणारे ब्राह्मण होते.

१९६१ च्या नोव्हेंबरात अंजदीवचे नाव एकाएकी देशभरच्या वृत्तपत्रांत आले. १७ नोव्हेंबरला कारवारजवळून जाणाऱ्या 'साबरमती' या उतारू जहाजावर बेटावरून गोळीबार झाला. त्यानंतर आठवडाभरात मासेमारीच्या होडीवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि एक मच्छीमार ठार झाला. गोवामुक्तीच्या लष्करी कारवाईची जी तात्कालिक कारणे सांगितली जातात, त्यांत या दोन घटना अग्रभागी आहेत. १८ डिसेंबरला सकाळी 'त्रिशूल' आणि 'म्हैसूर' या भारतीय युद्धनौका बेटासमोर उभ्या राहिल्या आणि 'त्रिशूल'वरची नौसैनिकांची तुकडी होड्यांतून निघाली. बेटावर पांढरे निशाण फडकले होते, आणि तरीही दुसऱ्या होडीवर गोळीबार झाला, असे नौदलाच्या इतिहासात नमूद आहे. जहाजांच्या तोफा सुरू झाल्या. १९ तारखेच्या दुपारी प्रतिकार संपला. सात नौसैनिक कामास आले, एकोणीस जखमी झाले. गोव्याच्या मुक्तीसाठी भारतीय नौदलाने दिलेली किंमत मुख्यतः या दीड किलोमीटरच्या बेटावर चुकती झाली. आम्ही १९६६ साली जी वाळू तुडवीत होतो, तिच्या समोर हे सारे अवघ्या पाच वर्षांपूर्वी घडले होते, आणि सरांनी त्या सात जणांसाठी आम्हांस दोन मिनिटे उभे केले होते. हसण्याखेळण्याच्या वयात ती दोन मिनिटे फार लांब वाटली.

पुढचे आपण डोळ्यांदेखत पाहिले आहे. १९८६ मध्ये कारवारच्या नाविक तळाची पायाभरणी झाली. तेरा गावांतील सुमारे चार हजार कुटुंबे हलली. त्यांत अरगाही होता. मोबदल्याचे तंटे दशकानुदशके न्यायालयांत चालत राहिले. २००५ मध्ये 'कदंब' हा तळ नौदलात दाखल झाला. बिणग्याच्या टोकापासून अंजदीवपर्यंत दगडांचा प्रचंड बंधारा घातला गेला, आणि इब्न बतूतापासून ज्याला सर्वांनी बेट म्हटले, ते किनाऱ्याला जोडले गेले. देशाच्या संरक्षणासाठी हे आवश्यक होते, याविषयी माझ्या मनात किंतु नाही. जून २०२३ मध्ये नौदलाच्या एका नव्या पाणबुडीविरोधी नौकेचे 'अंजदीप' या नावाने जलावतरण झाले तेव्हा मला आनंदच वाटला. किंतु आहे तो एवढाच, की बेटावरची अखेरची घरे रिकामी झाली, उत्सवाच्या होड्या परवानगीच्या कागदांत अडकल्या, आणि तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांच्या आठवणी कोणी लिहून घेतल्या नाहीत. गामाच्या पंधरा दिवसांच्या मुक्कामावर शेकडो पाने आहेत. तीनशे वर्षे तेथे राहिलेल्या बायकांनी कोणत्या वाटेने घागरी वाहिल्या, यावर माझ्या पाहण्यात एक पानही नाही.

मी सरांना एकदा, महाविद्यालयात नुकताच शिकवू लागलो असताना, मोठ्या उत्साहाने दहा पानी पत्र लिहिले होते. गामा, गास्पार, शिपमन, सगळे त्यात होते. उत्तरादाखल एक कार्ड आले. त्यावर आशीर्वाद, प्रकृतीची चौकशी, आणि शेवटी एक ओळ: तळे अजून आहे काय, ते कळवावे.

मला ते कळवता आले नाही. बेटावर पाऊल ठेवण्याचा योग आजवर आला नाही. आता वयही नाही. गेल्या वर्षी अंकोल्याहून परतताना बिणग्याजवळ महामार्गावर गाडी थांबवून क्षणभर पाहिले. बंधारा दिसला, कुंपण दिसले, पलीकडे तीच बुटकी हिरवी पाठ. चर्चचा पांढरा ठिपका दिसल्यासारखा वाटला, परंतु माझ्या दृष्टीवर मी हल्ली पैज लावत नाही. येथे बसलेल्यांपैकी कोणी नौदलात असतील, कोणाचे लेक-जावई कारवारच्या तळावर असतील. त्यांना माझी विनंती आहे की कधी कामानिमित्त पलीकडे जाणे झाले, तर किनाऱ्याकडच्या उतारावर घडीव दगडांचे तळे शोधावे, त्यात पाणी आहे का पाहावे, आणि शाळेच्या पत्त्यावर चार ओळी टाकाव्यात. सरांचे कार्ड मी आज मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करीत आहे. उत्तर आले की त्याच्याबरोबर लावून ठेवता येईल.